ताडपत्रीमागचा टीव्ही

बाबा माझ्याकडे कधी चार दिवसांच्या वर राहिले नाहीत. अमरावतीला दादाकडे ते घरचे, आणि अकोल्याला माझ्याकडे पाहुणे. दसऱ्याला यायचे, जुन्या शहरातल्या ओळखीच्या चार घरी सोनं द्यायला जायचे, माझ्या पोरांना जवळ घ्यायचे आणि लगेच पिशवी भरायला लागायचे. का जाता म्हटलं की उत्तर ठरलेलं, "करमत नाई बापू."

दादाकडे करमायचं. का करमायचं, त्याचं माझं गणित वेगळं होतं. आमचा मळा होता तेव्हा आम्ही दोघं भाऊ सारखेच पाणी वळायचो. मग दादाला अमरावतीला कॉलेजात घातलं, आणि मला नववीतून काढून भाजीच्या टोपल्यांपाशी बसवलं. एकाला शिकवायचं म्हटलं तर दुसऱ्याने कमवायला हवं, असं तेव्हा सांगितलं गेलं. दादा ऑफिसात लागला. पुढे विहिरीला पाणी राहिलं नाही, आईही गेली, मळा विकला, आणि ते पैसे दादाच्या अमरावतीच्या घरात गेले. मी टोपलीवरून हातगाडीवर आणि हातगाडीवरून फळांच्या गाळ्यावर आलो ते माझ्या जिवावर. मला कोणी काही दिलं नाही, हे मी कोणालाही सांगतो. भावात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तर हमखास सांगतो.

त्या वर्षी मी ठरवलं की बाबांनी या खेपेला माझ्याकडे राहायचं. चार दिवस नाही, राहायचं. त्यात माया होतीच, पण तेवढीच होती असं म्हणणार नाही. बाप शेवटी कोणाच्या घरी राहिला हे लोक बघतात, आणि मलाही ते बघायचं होतं.

बाबांचे गुडघे गेलेले, त्यामुळे गाळ्याच्या वर असलेल्या आमच्या घरात त्यांना चढवत नव्हतं. मी गाळ्यामागची खोली रिकामी केली, दिवाण टाकला, पंखा बसवला. त्या खोलीला खिडकी नाही. उजेड येतो तो पुढून, दुकानातून. उरला टीव्ही. बाबांचा अख्खा दिवस टीव्हीपुढे जायचा आणि माझ्याकडे वरती जुना डबा होता. दादाकडे भिंतीवरचा पातळ टीव्ही होता. म्हणून मी त्याच्यापेक्षा मोठा घ्यायला निघालो.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते. एकावर समुद्रातले मासे पोहत होते, असे रंग की बघत राहावं. मी म्हटलं, हाच. दुकानदार म्हणाला, "शेठ, हा दाखवायचा पीस आहे. तुम्हाला खोक्यातला कोरा देतो."

"खोक्यात काय हाय ते मले दिसत नाई. मी फळाचा धंदा करतो. न पायता माल घेत नाई."

"तोच माल आहे, शेठ. कंपनी एकच."

"मंग हाच दे. आन हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालून राहिला, त्याचं आयुष्य खाल्लं तुमी. खाल्लेल्या आयुष्याचा भाव कमी कर."

तासभर लागला. चहा त्याचाच प्यायलो. शेवटी त्याने भाव पाडला, भिंतीचा स्टँड फुकट दिला आणि हात जोडले. मी खूश होऊन रिक्षात टीव्ही मांडीवर धरून आणला. बायको म्हणाली, "पोरगी पाहाले गेल्यासारखे सजून गेल्ते, आन हे आणलं." पण तीही खूश होती.

बाबा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले. दुपारी दिवाणावर बसवून मी टीव्ही लावला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "चांगला मोठा हाय."

एवढंच. चांगला म्हणाले नाहीत, चांगला मोठा म्हणाले. मी तीस वर्षं माणसांशी भाव करतो आहे, हे दोन्ही एक नाहीत हे मला कळतं. पुढे जाऊन पाहिलं तर चित्र निळसर होतं. बातम्या सांगणारी बाई थंडीने काकडल्यासारखी दिसत होती. दुकानात मासे असे नव्हते.

बाबा काय बघायचे ते सांगितलं पाहिजे. मालिका नाही, क्रिकेट नाही. बातम्या, आणि त्याही आमच्या भागातल्या. ती वर्षं अशी होती की वऱ्हाड रोज टीव्हीवर असायचं. कुठल्या तरी खेड्यातल्या ओसरीवर एखाद्या जीव दिलेल्या शेतकऱ्याची बाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली असायची, बातमीदार तिच्यापुढे माईक धरून उभा असायचा, आणि बाबा त्या दोघांच्या मागे जेवढं वावर दिसेल तेवढं पाहायचे. कपाशी केवढी झाली, बोंडं किती, पानांवर लाल्या आहे का. लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडतात आणि झाड जागच्या जागी बसून जातं. त्या हंगामात सगळीकडे लाल्याचीच चर्चा होती. बाबांना मळा विकून बरीच वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या वावरात काय चाललं आहे हे कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यासाठी रंग खरा दिसायला हवा. माशांचा नसला तरी चालेल, पानाचा दिसायला हवा.

म्हणून मी रिमोट हातात घेतला. मेनू सगळा इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येतं, पण हळू, आणि दुकानात बसून मोठ्याने वाचायला आवडत नाही. पिक्चर, मग त्याच्या आत आणखी एक खाना, ॲडव्हान्स्ड सेटिंग. तिथे बॅकलाइट, गॅमा, कलर टेम्परेचर, आणि सगळ्यात खाली लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आकडे. गॅमा म्हणजे काय ते मला आजही सांगता येणार नाही. तो वर केला की चेहरे पांढरे पडतात आणि खाली केला की रात्र होते, एवढं कळलं. मी सौद्यासारखंच केलं. लाल भरपूर वर नेला, मग एकेक करत खाली यायला लागलो. निळा पाडला. टेम्परेचर कूलवरून वॉर्मवर आणलं. ती बातम्यांची बाई माणसात आली तिथे थांबलो. बाबांना म्हटलं, "आता?"

"हो, आता बरी हाय."

मी पुढे जाऊन संत्री मांडली. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी आत आलो तर बाबा डोळे बारीक करून बसलेले. पडद्यावर दुपारचीच बातमी पुन्हा लागली होती. तीच ओसरी, तीच बाई, मागे तेच वावर. पण बाईच्या तोंडाला हळद फासल्यासारखी दिसत होती आणि वावर सगळं तांबडं झालं होतं.

बाबा म्हणाले, "दुपारी हे वावर हिरवं होतं. आता याच्यावर लाल्या पडला. एका दिसात लाल्या पडते का, का तुह्या टीव्हीत पडला?"

मी बसून पुन्हा सगळं लावलं, लाल खाली, निळा वर, बाईचा रंग बाईसारखा होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा निळे. मग दुपारी लावलं, संध्याकाळी हळद. असं चालू झालं. गिऱ्हाईक पुढे उभं आणि मी आत रिमोट दाबतो आहे. शेजारच्या गाळ्यातले बागवान चाचा माझ्यापेक्षा जुने व्यापारी, त्यांचं लक्ष माझ्या मालापेक्षा माझ्याकडे जास्त. ते ओरडून म्हणाले, "भाऊ, टीव्ही पिकवून राहिले का? चार दिवस आढीत घाला न, अपने आप रंग येते."

मी दुकानदाराला फोन करून झाडला. त्याने माणूस पाठवला तो दिवे लागल्यावर. त्याने रीसेट दाबलं, सगळं कंपनीने दिलं तसं झालं, आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये ते बरंच दिसलं. तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी निळं. मी पुन्हा फोन केला. दुकानदार म्हणाला, "शेठ, टीव्हीत काही नाही. एकदा डोळे दाखवून घ्या."

मला हे म्हणावं त्याने? मी बाहेरून संत्रं पाहून आत किती रस आहे ते सांगतो. पपई हातात न घेता सांगतो की उद्या कापायची की परवा. माझा धंदाच डोळ्यांवर उभा आहे. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तेव्हा दोन गिऱ्हाइकं निघून गेली होती आणि आत बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता.

त्या खेपेला बाबा चार दिवसांनी निघाले नाहीत. कोजागरी झाली तरी होते. पण ते राहिले होते असंही म्हणता येत नव्हतं. ताट पुढे आलं की जेवायचे, भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. बायको म्हणाली, "यायले काही इचारलं का म्हणतात, चालते. दादाजीच्या घरी तर चहात साखर कमी पडली तरी जाऊबाईले आवाज देतात." ते मलाही माहीत होतं. अमरावतीला ते दादाला पायजमा कुठल्या शिंप्याकडे शिवायचा इथपासून सांगतात. माझ्याकडे सगळं चालते. दादाचा फोन आला की ते, "पाहू, येतो दोनचार दिवसांत," म्हणत, आणि मी दुकानातून ते ऐकत असे.

मग एक दिवस महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली. गाडी येते हे आधीच कळतं. गल्लीतल्या सगळ्यांनी धावपळ करून पुढे काढलेल्या ताडपत्र्या सोडवल्या, खोकी आत ओढली. मीही माझी ताडपत्री सोडून गुंडाळली. दुपारची वेळ होती. ऊन सरळ दुकानात आलं आणि मागच्या खोलीपर्यंत गेलं. मी खोकं ठेवायला आत गेलो आणि टीव्हीकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी लावलेलं चित्र, जे रोज दुपारी निळं पडायचं, ते बरोबर होतं. बाई बाईसारखी. वावर वावरासारखं.

इथे ताडपत्रीचं सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं ती उन्हासाठी असते. उन्हासाठी असतेच, पण फळवाला कुठलीही ताडपत्री लावत नाही. आमची शेंदरी-लाल असते. तिच्याखाली पपई पिकलेली दिसते आणि सफरचंदाला तेज येतं. आंबिया बहाराचं, म्हणजे या हंगामातलं, संत्रं आत गोड झालं तरी वरून हिरवटच राहतं, आणि गिऱ्हाईक वरचा रंग पाहून पैसे काढतं. त्याला मी काय करू? ही फसवणूक नाही, सगळा बाजार असाच आहे, आणि घरी नेऊन खाल्लं की कोणी तक्रार घेऊन परत येत नाही. पण तोच शेंदरी उजेड माझ्या मागच्या खोलीत दिवसभर भरलेला असायचा. दिवसभर तिथे बसणाऱ्याच्या डोळ्यांना तोच पांढरा वाटायला लागतो आणि खरा पांढरा निळा दिसतो. मी बारा महिने त्याच्याखाली उभा, म्हणून मला तो दिसतच नव्हता. दुकानदाराच्या माशांवर मी भाळलो होतो तेही त्याच्या दिव्यांमुळेच असणार. त्याने मला माझ्याच धंद्याने गाठलं होतं.

गाडी गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या ताडपत्र्या परत लागल्या, माझीही.

मी काही ती काढणार नव्हतो. हंगामाचे दिवस, समोर हिरवट संत्र्यांचा ढीग. मी दुसरा रस्ता काढला. टीव्हीत चित्राचे वेगवेगळे प्रकार साठवून ठेवता येतात. एकावर मी दुपारचं लावलं, दुसऱ्यावर संध्याकाळचं. एक बटण दाबलं की दिवसाचं, पुन्हा दाबलं की रात्रीचं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बाबांना दाखवलं, "पाहा, हे दुपारी दाबाचं, हे दिवे लागल्यावर. ताडपत्रीचा उजेड होता तो. मले काल सापडलं."

बाबा म्हणाले, "हो. ताडपत्रीच होती."

"तुमाले माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी. माह्या हातावर पडून राहिला होता तो रंग."

माझं डोकं तापलं. इतके दिवस मी रिमोट घेऊन उठबस करतो, दुकानदाराशी भांडतो, चाचांच्या तोंडाला लागतो, आणि हा माणूस बघत बसला. मी म्हटलं, "मंग सांगतलं काहून नाई?"

"दुकान तुहं हाय. तुह्या धंद्यात मी काहून बोलू?"

"दादाच्या घरी तर भिंतीले चुना कोणता लावा हेबी तुमीच सांगता."

"तिथं सांगतो," बाबा म्हणाले. आवाज चढला नाही. "त्याले शिकवलं मी. घराले पैसा देल्ला. तिथं मले बोलाचा हक हाय. तुले मी काय देल्लं? तूच सांगून राहिला ना दिवसभर गिऱ्हाइकाले. मले आत ऐकू येते."

दुकानात त्या वेळी एक बाई संत्री निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, "खोटं सांगतो का मी?"

"नाई. खरंच सांगतो. म्हणून तं गप बसतो."

"बसा मंग," मी म्हटलं आणि पुढे आलो. त्या बाईशी मी भाव केला नाही, ती म्हणाली त्यात देऊन टाकलं. रात्रीचं जेवण वर झालं, बाबांचं खाली. बायकोने विचारलं तर मी तिच्यावरही खेकसलो. बाबा म्हणाले ते बरोबर होतं की चूक, हे मला ठरवता येत नव्हतं. नववीतून काढलं ते काढलंच होतं. ते त्यांनी नाकारलं नाही. पण चुकलं असंही म्हणाले नाहीत. मात्र एक गोष्ट मला धंद्यातल्या माणसासारखी सरळ दिसली. असंच राहिलं तर हा माणूस दिवाळीच्या आत अमरावतीला जाणार, आणि परत येईल तो चार दिवसांपुरताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापडबाजाराच्या अलीकडून पांढरी ताडपत्री आणली आणि शेंदरी काढून ती लावली. कोणाला काही सांगितलं नाही. बायको खाली येऊन फळांकडे पाहत राहिली. "पपई कच्ची दिसते," म्हणाली. "संत्री तर निंबोणीच्या झाडाचीच वाटतात."

"गोड हायेत."

"थे मले माहीत हाय. गिऱ्हाइकाले कोण सांगन?"

चाचा गाळ्यातून उठून रस्त्यावर आले आणि कमरेवर हात ठेवून वर पाहत राहिले. "भाऊ, दुकानाले कफन कोण लावते?"

"गिऱ्हाईक मेलं तर तुमच्याचकडं येईन, चाचा. तुमाले काय?"

"थेही खरं हाय," म्हणाले आणि हसत आत गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे खरंच जास्त गिऱ्हाईक गेलं. मी मोजत बसलो नाही, पण दिसत होतं.

दुपारी मी रीसेट दाबून रिमोट बाबांच्या दिवाणावर ठेवला. त्यांनी वर पाहिलं, छताकडे नाही, पुढे दुकानाकडे. बातम्या लागल्या. कुठल्या तरी गावाचं वावर आलं. बाबा पुढे सरकून पाहत राहिले आणि म्हणाले, "लाल्याच हाय. गेलं हे वावर." आणि मग बराच वेळ त्यांनी टीव्हीकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने ते भिंतीला धरून दुकानात आले. खोक्यावर बसले. मी एका माणसाला संत्र्यांचा भाव सांगत होतो. त्याने एक उचलून नाक मुरडलं, "हिरवं हाय न हे." मी माझं नेहमीचं सुरू करणार, एवढ्यात बाबांनी त्याच्या हातातलं संत्रं घेतलं, सोलून दोन फोडी त्याला दिल्या आणि म्हणाले, "खाऊन पाय. आन हा सांगते त्याच्यापेक्षा थोडं कमी दे. यानं जास्तच सांगतलं."

गिऱ्हाइकासमोर माझा भाव आजवर कोणी पाडला नव्हता. तो माणूस बाबांच्या भावात संत्री घेऊन गेला. मी म्हटलं, "बाबा, धंदा असा होत नसते."

"मले शिकवू नको. तू टोपली घेऊन बसला तवा तराजू धराले कोणं शिकवलं तुले?" म्हणाले. "आन ती खालची पपई काढ. सडून राहिली. वास नाई येत का?"

पपई खरंच गेली होती. मी ती काढून टाकली. संध्याकाळपर्यंत ते मी केळी उलटी टांगली म्हणून बोलले, पोराने वजनाचा काटा पुसला नाही म्हणून बोलले, चहा गार आणला म्हणून बायकोला आवाज दिला. बायको वरून म्हणाली, "आणतो जी, आणतो," आणि माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. मी रागातच होतो. दिवसभर मी त्यांच्याशी सरळ बोललो नाही.

दिवे लागल्यावर दादाचा फोन आला. शनिवारी बाबांना घ्यायला येऊ का, म्हणून विचारत होता. बाबा खोक्यावर बसून संत्री निवडत होते, मोठी एका बाजूला, बारकी एका बाजूला. मी फोन न ठेवता विचारलं, "दादा शनिवारी येऊ का म्हणते."

त्यांनी हातातलं संत्रं उजेडात फिरवून पाहिलं आणि बारक्यांत टाकलं. "त्याले म्हण, सध्या नको येऊ. इथं सगळं मलेच पाहा लागून राहिलं."

मी दादाला तेवढंच सांगितलं. आणखी बरंच सांगायचं होतं, वर्षानुवर्षं तोंडावर आलेलं. पण बाबा जवळ बसले होते, म्हणून ठेवतो म्हणालो आणि फोन ठेवला.